कोरा हात

टहिलराम मास्तरनं आपणहून चहा मागवला, तेव्हाच हिरामणच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. हा सिंधी शिंपी माणूस म्हणून वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाला चहा पाजणं त्याच्या रक्तात नव्हतं. कँपातल्या एका बराकीच्या तोंडाशी पत्र्याचा आडोसा करून त्यानं मशीन मांडलं होतं. फाळणीत शिकारपूरचं भरलं दुकान मागं टाकून आला होता, आणि ते लुटण्यात आपलाही थोडा हात असावा अशा नजरेनं तो समोरच्या प्रत्येक माणसाकडे पाही. आज मात्र तो हसत होता. "बैठो साईं, बैठो. तुम्हारी आवाज ने मेरा मशीन रुकने नहीं दिया." हिरामणला वाटलं, हा आपल्या गळ्याची तारीफ करतोय. गळ्याची तारीफ ऐकायची त्याला सवय होती, नाही म्हटलं तरी आवडही होती. तो स्टुलावर ऐसपैस बसला. मास्तर म्हणाला, "इस गरमी में सब लडकियों को पूरी बाही मंगता है. कलाई तक, बटनवाली. कँप की लडकी, कारखाने की लडकी, सब. तुम भोंपू में चिल्लाते हो ना, हात दिखाओ, हात दिखाओ? जिसका हात उठ गया, वो अब काहे को दिखाएगी?" आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन त्यानं फळीवरचं बोचकं खाली काढलं, हिरामणच्या मांडीवर ठेवलं. गोदूच्या लग्नाच्या चोळ्या होत्या. "तुम्हारी बहन का भी बदल दिया. खुद आके बोल के गई, मास्तर, बाही लंबी करो." हिरामणच्या हातातली बशी कलली आणि चहा पायावर सांडला. पाय भाजला हे त्याला रस्त्यावर आल्यावर समजलं.

गोदूचा हात उठला होता, परीक्षेची सुई टोचली ती जागा लाल होऊन फुगली होती. बहिणीनं हे त्याला सांगितलं नव्हतं, शिंप्याच्या बाहीनं सांगितलं. बोचकं काखेत मारून तो कँपाच्या रस्त्यानं अंबरनाथकडे चालू लागला. वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं, दोन्ही बाजूंना लष्करानं सोडलेल्या बराकी, बराकींपुढे पापड वाळत घातलेले. समोरून येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या हाताकडे त्याची नजर जाऊ लागली. लांब बाही. लांब बाही. ही उघड्या हाताची, म्हणजे कोरी. ही पदर पुढं ओढून घेणारी, हिचं काय? महिनाभर हेच लोक त्याच्या अवतीभोवती होते आणि त्याला काही दिसलं नव्हतं. कर्णा तोंडाला लावला की माणसाला समोरचं दिसत नाही, पत्र्याचं भोकच तेवढं दिसतं.

क्षयाची लस टोचणारी मंडळी जीप घेऊन या भागात आली, तेव्हा त्यांना गावोगाव पुकारा करणारा गडी हवा होता. हिरामण त्याआधी चार वर्षं तंबूतल्या सिनेमाबरोबर हिंडत होता. दुपारी बैलगाडीत उभं राहून खेळाची हाळी द्यायची, की संध्याकाळी तंबू भरलाच पाहिजे. असा गळा सरकारला कुठं मिळायला? पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात कागद दिला होता, तो त्यानं प्रामाणिकपणे वाचला. 'क्षय हा भयंकर रोग असून तो घराघरांतून माणसे नेत आहे. तरुणांनो, वेळीच सावध व्हा.' तरुण सावध झाले ते असे, की जीप दिसली की गल्लीत पसार. बराकींची दारं लागायची. सिस्टर वृंदाबाई पुण्याहून आलेल्या, सुया उकळून दिवसभर बसायच्या, आणि येऊन टोचून घ्यायचे कोण तर कामावरून सुटलेले दोन-चार पोक्त बाप्पे, ज्यांना लस द्यायचीच नव्हती. हिरामणला तेव्हा त्या कागदाचा रागच आला होता. मरणाचा खेळ लावलाय म्हणून सांगितल्यावर तिकीट कोण काढील? त्यानं डॉक्टरसाहेबांना म्हटलं, "साहेब, मला माझ्या पद्धतीनं बोलू द्या." साहेब कंटाळलेलेच होते. "बोल बाबा," म्हणाले.

काम असं होतं. आधी हातावर, कोपराच्या खाली, परीक्षेची बारीक सुई द्यायची. तिसऱ्या दिवशी हात बघायचा. जागा लाल होऊन उठली, तर त्याच्या अंगाला त्या जंतूची ओळख आधीच झालेली आहे, त्याला लस द्यायची नाही. काही उठलं नाही, तर हात कोरा, त्याला खांद्यावर लस. "उठला म्हणजे रोग झाला असं मुळीच नाही," वृंदाबाईंनी त्याला समजावलं होतं. "जंतू कधीतरी आत शिरला, अंगानं दाबून धरला, एवढंच. इथल्या तरण्या मुलांत निम्म्यांचे हात उठतील. त्यांना लशीचा उपयोग नाही म्हणून देत नाही." हिरामणनं मान डोलावली. सगळं त्याला समजलं होतं. पण कर्ण्यात 'एवढंच' मावत नाही, 'मुळीच नाही' हे तर दहा पावलांवर 'मुळी' म्हणून ऐकू जातं. कर्ण्यात मावतं ते त्यानं ओतलं. "हात दाखवा, हात! कोरा हात, निरोगी हात! कोरा निघाला त्याला लस, लस घेतली त्याला जन्माची काळजी नाही!" आणि काय सांगावं, रांगा लागल्या. आगकाड्यांच्या कारखान्यातल्या पोरी सुटी झाली की हसत-खिदळत यायच्या, कँपातले पोरगे एकमेकांना ढकलत. हिरामणची छाती फुगली. साहेबांनी पाठीवर थाप मारली. कोरे निघालेले पोरगे बाह्या दुमडून बाजारातून फिरू लागले. गोदूचा नवरामुलगा आनंदा, त्याच कारखान्यात कामाला, तोही कोरा निघाला. चाळीत येऊन त्यानं हात दाखवला, तेव्हा हिरामण थट्टेनं म्हणाला होता, "वा जावईबापू, माल पारखून मिळाला आमच्या पोरीला!" हे वाक्य आता उन्हात चालताना त्याला पुन्हा ऐकू आलं. स्वतःचा आवाज इतका ओंगळ त्याला कधी लागला नव्हता.

घरी गोदू चुलीपुढं बसली होती. उजव्या हातानं भाकरी थापत होती आणि डावा हात पदराआड होता. एका हातानं भाकरी थापता येत नाही, ती वेडीवाकडी होत होती, तरी ती थापत होती. त्यानं बोचकं खुंटीला लावलं. ती म्हणाली, "मास्तरनं सांगितलं वाटतं." तो हं म्हणाला. तिनं पदर बाजूला केला. रुपयाएवढा लाल चट्टा, मधे फोड येऊन गेल्यासारखा. "तपासायला गेलेच नाही मी. दिसतच होतं, त्यात काय बघायचं." मग हसून, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तशी, "कारखान्यात आमच्या खात्यातल्या पोरी कोरे-कोरे खेळतात. कोरीनं कोरीजवळच बसायचं." हिरामणला वृंदाबाईंचं सगळं बोलणं तिला सांगायचं होतं. त्यानं सांगितलंही. अंग, जंतू, दाबून धरणं. ती ऐकत होती. "मला ठाऊक आहे रे दादा, मी ठीक आहे. पण कौसामावशीला कोण सांगणार?" कौसाबाई म्हणजे आनंदाची आई, पलीकडच्याच चाळीत राहायची. चुडा भरायला ती स्वतः कासारणीला घेऊन येणार होती. चुडा भरायचा म्हणजे बाही वर घ्यावी लागणार.

त्या रात्री आणि पुढं कितीतरी वेळा हिरामणच्या डोक्यात बापाचा खोकला चालू झाला. बाप ह्याच खोलीत गेला. दमा होता, असं सगळे म्हणायचे. चाळ म्हणायची, कौसाबाई म्हणायची, आणि हिरामणही तंबूवाल्या मित्रांना दमा म्हणूनच सांगायचा. बापाच्या उशाची, थुंकायची राखेची ताटली कोण बदलत होतं? गोदू. पाठ चोळायला, उठवून बसवायला, तोंडाशी पेला धरायला गोदू. आई तर गोदू लहान असतानाच गेलेली. आणि हिरामण तेव्हा कुठं होता? कधी मुरबाडच्या जत्रेत, कधी कर्जतला, गाडीत उभा राहून हाळी देत. घरी यायचा तेव्हा दारातूनच विचारायचा, "काय बाबा, कसं काय?" बाप हात हलवून सांगायचा, बरं आहे, जा. तो जायचा. त्याला त्या खोलीचा वास सोसायचा नाही, हे खरं होतं, आणि हे खरं त्यानं आजवर स्वतःशीदेखील नीट उच्चारलं नव्हतं. गोदूच्या हातावर जे उठलं होतं ते बाजारातून आलेलं नव्हतं. बापाच्या उशाशी बसून मिळालेलं होतं. बसली तिचा हात उठला. मग त्याच्या हाताचं काय? महिनाभर लोकांचे हात मागत फिरणाऱ्या ह्या गड्यानं स्वतःचा हात कधी पुढं केला नव्हता. कोणी विचारलंही नव्हतं. हाळी देणाऱ्याला खेळाचं तिकीट कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी जीप बदलापूरच्या बाजूला, बारवीकडच्या ठाकरवाडीत गेली. वाडीतले तरुण पोरगे मोहाच्या झाडाखाली बसले होते. हिरामणनं कर्णा उचलला, हात दाखवा म्हणाला, कोरा हात म्हणाला, आवाज नेहमीसारखाच लागला, त्याचंच त्याला नवल वाटलं. वाळू नावाचा एक पोरगा उठून जीपपाशी आला. हिरामणच्या पुकाऱ्याला आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता. "कोरा त लस. न् उठला त?" हिरामण म्हणाला, "उठला तर लस नको." "नको म्हंजी? देवाची नाय का?" "द्यायची गरज नाही." वाळूनं मागं वळून बाकीच्यांकडे पाहिलं. "जो चांगला त्याला औसद, न् ज्याचा उठला त्याला कायच नाय! मंग त्यानी काय, मरायचा?" पोरगे हसले. रागानं नाही, जरा मजेनंच हसले, आणि एकेक करून रानाच्या वाटेला लागले. हिरामण कर्णा खाली करून म्हणत राहिला, अरे तसं नाही, ऐका तर. कर्ण्याशिवायचा त्याचा आवाज मोहापर्यंतही पोचला नाही. साहेब जीपमधून म्हणाले, "तेच बोल ना रे, कोरा हात. अंबरनाथला चाललं तसं." साहेबांना वाटत होतं, गडी आज जरा ढिला पडलाय.

वाडी रिकामी झाल्यावर तो वृंदाबाईंच्या टेबलाशी गेला आणि बाही दुमडून हात पुढं केला. "तू अजून घेतलीच नव्हतीस?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या. सुई टोचली. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. आता त्याच्या मनात एक साधा हिशेब होता आणि त्या हिशेबानं त्याला रात्री शांत झोप लागली. आपलाही हात उठणार. एकाच बापाची पोरं, एकाच खोलीतली. उठला की कौसाबाईपुढं तो धरायचा. हा बघा मावशी, माझाही उठलाय. मी आजारी दिसतो? दिवसभर डोंगर घुमवतो मी. झालं. जे बोलून समजत नाही ते दाखवून समजेल. पडदा वर गेला की हाळीची गरज उरत नाही.

पण हात उठेना. सकाळी पाहिला, दुपारी पाहिला, जीपच्या आडोशाला जाऊन पाहिला. सुईचं टिंबदेखील दिसेनासं झालं होतं. त्यानं नखांनी ती जागा खाजवली, ती लाल झाली आणि पुन्हा चामडीच्या रंगाची झाली. संध्याकाळी अंबरनाथच्या शंकराच्या देवळामागं, नाल्याच्या दगडावर तो बसला होता. हाताकडे बघता बघता त्याला एकदम स्पष्ट कळलं, की हा हात कोराच राहणार. कारण तो तिथं नव्हता. चाळीला फसवता आलं, तंबूवाल्यांना आलं, पण ह्या वीतभर चामडीला सगळं ठाऊक होतं. कोण उशाशी बसलं आणि कोण दारातून परत गेलं. जगातला कुठलाही माणूस कोऱ्या हातावर खूश झाला असता. हिरामणला मात्र घृणा आली. चुडा दुसऱ्या दिवशी होता.

घरी फडताळात आईच्या वेळचा एक डबा होता, त्यात हळकुंडं, वावडिंग आणि बिब्बे. पायात काटा मोडला की आई बिब्बा दिव्यावर तापवून सुईच्या टोकानं त्याचं तेल लावायची. एखाद्याच्या अंगावर बिब्बा उतायचा, सुजून फोड यायचे, आणि डाग कायमचा राहायचा. हिरामणला लहानपणी एकदा उतला होता, म्हणून आई त्याला पुन्हा कधी लावायची नाही. गोदू पाणी भरायला गेली होती. त्यानं बिब्बा तापवला आणि सुई जिथं टोचली होती तिथं तेल लावलं. एकदा लावून भागेना म्हणून पुन्हा लावलं. रात्री हात पेटला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि खोटं सांगायचं नाही, त्या जळण्यानं त्याला बरं वाटलं. उजाडला तो चुड्याचा दिवस सुईचाही तिसरा होता, वृंदाबाई हात बघणार होत्या. कामावर येत नाही असा निरोप धाडून तो घरीच राहिला.

कौसाबाई कासारीण राजाबाईला घेऊन दुपारी आली. शेजारच्या दोघी-तिघी बायका दाटीवाटीनं बसल्या. गोदूनं नवी चोळी घातली होती, बटनं मनगटापर्यंत लावलेली. घामानं ती भिजली होती. राजाबाईनं तिचा उजवा हात मांडीवर घेतला, पंजा दाबून दाबून मऊ केला, आणि हिरवा चुडा एकेक करत चढवला. बायका काहीबाही थट्टा करत होत्या. हिरामण दारात उभा होता, तोही हसत होता. मग डावा हात. "बाही वर घे गं पोरी, बांगडी कशी जाईल?" गोदूनं बटन काढलं. बाही दोन बोटं वर घेतली. "आनखी घे की," राजाबाई म्हणाली आणि तिनं स्वतःच बाही कोपरापर्यंत सारली. तिचा हात थांबला. थट्टा थांबली. कौसाबाई पुढं वाकली. नीट पाहिलं, आणि तिच्या तोंडावर राग आला असता तर बरं झालं असतं. तिथं भीती होती. लेकाची भीती. हिरामणला ती भीती ओळखीची वाटली. कागदावरची होती ती, घराघरांतून माणसं नेणारी. त्यानं एवढी गोड करून विकली, तरी आतून तीच निघाली.

"मावशी, त्याच्यात काही नसतं," तो पुढं झाला. "रोग नाही तो. हे बघा, माझाही उठलाय." त्यानं सदऱ्याची बाही फर्रकन वर ओढली. काळपट लाल, टम्म सुजलेला हात त्यानं सगळ्यांसमोर धरला. "मी काय आजारी आहे? बघा ना माझ्याकडे. दिवसभर ओरडतो मी, मला कधी खोकला ऐकलात?" तो बोलत गेला. अंग, जंतू, दाबून धरणं, निम्म्या तरुणांचे हात. बोलता बोलता आपला आवाज कर्ण्यातल्यासारखा लागतोय हे त्याच्या ध्यानात आलं, पण थांबता येईना. कौसाबाईनं त्याच्या हाताकडे पाहिलं, गोदूच्या हाताकडे पाहिलं, मग खोलीकडे, जिथं बापाची खाट असायची त्या कोपऱ्याकडे.

"म्हंजे दोघांचाबी," ती हळूच म्हणाली. "तुझ्या बाचा दमा म्हनत व्हतो आमी. म्हंजे घरातच हाय की रं, हिरामण."

माझा खोटा आहे, माझा बिब्ब्याचा आहे, असं म्हणावं, तर गोदू एकटी पडत होती. न म्हणावं, तर घर पडत होतं, मेलेल्या बापासकट. मधली कुठलीच जागा त्याला दिसेना. "मावशी," एवढंच तो म्हणाला. कौसाबाईनं गोदूच्या डोक्यावरून हात फिरवला. खरंच मायेनं फिरवला, ते सगळ्यांत वाईट. "तू चांगली हायेस गं. पर हिरामण, तूच ना आमच्या आनंदाला सांगितलंस रं, कोरा हात निरोगी हात? माझा एकुलता हाय. इचारते त्याला, मंग बघू." राजाबाईनं उरलेल्या बांगड्या टोपलीत ठेवल्या. लग्न मोडलं असं कोणी म्हणालं नाही. बायका एकमेकींच्या पाठोपाठ उठल्या आणि दारातून जाताना हिरामणला लागू नये म्हणून अंग चोरून गेल्या.

खोलीत दोघंच राहिली. गोदूचा उजवा हात मनगटाच्या वर हिरव्या बांगड्यांनी भरलेला होता, डावा रिकामा. मग तिनं हिरामणचा हात ओढून मांडीवर घेतला, आणि आपला डावा त्याच्या शेजारी ठेवला. तिचा आता उतरायला लागला होता, कडा फिकटल्या होत्या, आठ-पंधरा दिवसांत काही दिसलंही नसतं. तिनं त्याच्या सुजेवर वाकून वास घेतला. लहानपणापासूनचा तो वास तिला न कळायला काय झालं?

"दादा, हा उठला नाही," ती म्हणाली. "उतलाय."

त्यानं बाही खाली ओढली.

"म्हणजे तुझा कोरा." तिचा चेहरा एकदम उजळला. खरोखरीच उजळला, दिवसभरात पहिल्यांदाच. "बरं झालं बाई. मला मेलीला तुझीच काळजी होती. बरं झालं, तू नव्हतास तेव्हा इथं."

तिनं दूषण दिलं असतं, तर त्यानं ते खाली मान घालून घेतलं असतं. पण ती मनापासून खूश होती. जाऊन लस घेऊन ये, म्हणाली, वृंदाबाई अजून गेल्या नसतील. आणि त्याच्या हाताला लावायला खोबरेल शोधण्यासाठी उठली. फडताळातले डबे ती एकेक करून खाली काढत होती, तशा तिच्या एकाच हातातल्या बांगड्या वाजत होत्या.